डाव मोडणारे बैल

अकोल्याच्या बाजारात मी कापूस तोलायचो. कापसाला सोन्याचा भाव आलेला, त्यामुळे चिंचेखाली फाशांचा जुगारही जोरात होता. अकोटचा एक गाडीवान बैल जुंपलेलेच ठेवून खेळायला बसे. तहान लागली की बैल परस्पर अकोटची वाट धरत आणि हा फासे टाकून गाडीमागं धावे.

"बैल काहून सोडत नाही?" मी विचारलं.

"कवा उठाव, हे मानसाले समजत नाही भाऊ, बैलाले समजते."

एकदा मात्र तो जिंकतच सुटला. त्यानं हौसेनं बैलांपुढं पाणी ठेवलं, कडबा टाकला. बैल दिवसभर हलले नाहीत. संध्याकाळी तो बैलांसकट गाडी हरला आणि पायी निघाला.

"आज बैलायनं दगा देल्ला," मी म्हणालो.

"त्यायचा दोष नाही. म्याच त्यायले लाच देल्ली!"