बिलातून न निघणारी गोळी

सांगलीतल्या एका दवाखान्यात मी औषधांची बिलं करतो. समोर काच, काचेला भोक आणि भोकापुढे रांग. गावच्या जत्रेत तोंडाला रंग फासून नाटकं केलेल्या माणसाला आणखी काय हवं?

आमचे डॉक्टर खरं औषध चिठ्ठीत सगळ्यात वर लिहितात. खाली ताकदीचा लवाजमा: टॉनिक, पावडर, कॅल्शियम. आकडा ऐकला की माणूस भोकाशी वाकतो आणि एखादं कमी करा म्हणतो. कमी काय करतो, तर वरची गोळी. बारकी, पांढरी, सगळ्यात स्वस्त. तिच्यानं काय होणार? बाटली कशी, फळीवर ठेवली की पाहुण्यांनाही दिसते. आणि औषधांबद्दल मी तोंड उघडायचं नाही, असा मालकांचा दम.

म्हणून मी कॉम्प्युटरला बोलायला लावलं. जतकडचा एक मेंढपाळ बायकोला घेऊन आला. तिला फिट यायच्या. तो बिलातून गोळी काढा म्हणाला. मी बटणं बडवली, कपाळाला हात लावला, लांब सुस्कारा सोडला.

"मामा, कॉम्प्युटर गोळी सोडत नाही. बाटली काढू देतोय."

मशीनच्या शब्दाला त्यानं मान दिला. पुढच्या महिन्यात बायकोला फिट आली नाही, असं तो आपणहून सांगून गेला. मग काय, माझे रोज प्रयोग सुरू झाले.

एकदा मालकांनी मागं उभं राहून अख्खा प्रयोग पाहिला. मला वाटलं, नोकरी गेली. पण ते खूश. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माणूस बोलावून कॉम्प्युटरला खरंच तसं शिकवलं: चिठ्ठीतली एकही ओळ निघायची नाही, घ्यायचं तर सगळं. माझ्या कलेची एवढी कदर आजवर कुणी केली नव्हती.

मेंढपाळ बायकोला घेऊन पुन्हा आला. या खेपेला तो स्वतःच बाटली काढा म्हणाला. मी बटणं दाबली, अगदी मनापासून दाबली. निघत नाही म्हणून सांगितलं. पैसे पुरेनात. तो चिठ्ठी घेऊन वळला.

मी खिडकी सोडून दारात त्याला गाठलं. वरची गोळी तेवढी बाहेरच्या दुकानात घ्या, तिच्यावर भागतंय, असं हळूच सांगितलं.

"आवं, मागं मशीन बाटली सोडत हुतं. आता न्हाई सोडत. म्हंजी हिचं दुखणं वाढलंय," तो म्हणाला. "निम्म्या औषधानं आता कसं भागंल?"

बायकोचा चेहरा उतरला. दुखणं वाढलेलं नाही, मशीनचं ते सगळं मीच रचलं होतं, असं मी शपथ घेऊन सांगितलं. त्यानं समजुतीनं मान हलवली. गरिबाला धीर द्यायला माणसं असं बोलतात, हे त्याला ठाऊक होतं. पैसं जमलं की येतो म्हणाला आणि तिला घेऊन जतच्या गाडीकडे गेला, गोळीविना.