ओढ्यापलीकडचं मत

मत देऊन आली की आमची शेजारीण अक्का शाईचं बोट वर धरायची आणि रस्त्यातूनच ओरडायची, "कापलं!"

पोरांनो, तिने कापलेलं असायचं ते तिच्या नणंदेचं मत. नणंद ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली. दोघींचे पक्ष कायम वेगळे, मतदारसंघ मात्र एकच. मतदान उरकलं की दोघी ओढ्याच्या पुलावर भेटायच्या.

"वैनी, तुमचं मत गेलं पाण्यात."

"तुझं बी गेलं की! चल, च्या पी."

एकदा मी म्हटलं, "अक्का, एकमेकींचं मत खोडायचंच, तर दोघी घरीच का बसत नाही?"

"कामून बसू? तिकडं इंग्रजांच्या मुलखात शेतसारा भरणाऱ्यालाच मत होतं म्हणे. इकडं निजामाच्या राज्यात माझ्या सासूला कुणी नाव बी इचारलं न्हाई. आता मला इचारायलेत, तर गप बसू व्हय?"

पुढे मतदारसंघांची नव्याने आखणी झाली. आमचा जुना मतदारसंघ मोडला आणि तो ओढाच हद्द ठरला. मी नकाशा काढून सगळं नीट समजावलं. तिने एकच विचारलं, "मग तिचं मत आता कोण कापंल?"

त्यानंतरच्या विधानसभेला अक्का बोट पदरात झाकून आली. पुलावर नणंद शेंगा सोलत बसलेली, तिच्याशेजारी टेकली.

"आज कुणाचं कापलं?" मी विचारलं.

"कुणाचं न्हाई. नुसतंच पडलं."

मला राहवेना. म्हटलं, "अहो, लोकसभेला दोन्ही गावं अजून एकाच मतदारसंघात आहेत!"

"खरं सांगायलीस?" अक्का ताडकन उठली. नणंदेच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. "मग तवर मरायचं न्हाई गं, दोघींनी बी!"

दोघींनी शब्द पाळला. लोकसभेला पुलावर "कापलं!" घुमलं, आणि त्यानंतरच्या लोकसभेलाही. चहा माझ्याकडे झाला.

मागच्या लोकसभेला अक्का नव्हती. नणंद काठी टेकत पूल ओलांडून माझ्या दारात आली. शाईचं बोट वर केलं, पण ओरडली नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"कापणारी ऱ्हायली न्हाई. मग माझं मत टिकून काय उपेग? वैनीच्याच पक्षाला टाकून आले."

मग पदर तोंडाला लावून खुदकन हसली. "आज माझं मीच कापलं!"