दस्तीखालचा नंबर

सुकन्याच्या घरात संशय हा कुळधर्म होता. कुळदैवताला वर्षातून एकदा नारळ फुटायचा, संशयाला मात्र रोज. तिचा बाप म्हाळू जन्मभर मेंढरं राखत आणि विकत आलेला. त्याच्या मते जगात दोन जातीची माणसं होती, विकणारी आणि फसवणारी. आणि बाजाराच्या दिवशी ही दोन्ही एकाच धोतरात सापडायची. मोबाईलवर ‘अभिनंदन’ असा शब्द दिसला, की तो मोबाईल विंचवासारखा लांब धरायचा. आई बायडाबाई त्याच्यावर वरताण. शेजारणीनं वाटीभर साखर परत आणून दिली, तर ही आधी चमच्यानं तळ उकरून बघायची.

कडा गावाजवळच्या वस्तीवर वाढलेल्या या पोरीनं बापाकडून आणखी एक गोष्ट उचलली होती. मेंढरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, खांद्यावरची दस्ती दोघांच्या हातांवर टाकतात आणि त्या रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. चार वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत म्हाळूच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि तीन बोटांच्या माणसाला पाच कसं दाबता येणार? तेव्हापासून दस्तीखाली सुकन्याचा हात जायला लागला. पहिल्या बाजारी दलाल कुरकुरले, “म्हाळू, पोरीचा हात धरायचा का आता आमी?” म्हाळू म्हणाला, “हात न्हाई बे, भाव धरायचाय. जमत नसंल तर पुढचं मेंढरू बघ.”

पहिल्याच दिवशी त्यानं तिला बाजाराचा कायदा सांगितला होता. “दस्तीखाली खोटं दाबायचं न्हाई. आन दस्तीखालचं भाईर सांगायचं न्हाई. मालकाला सांगितलं तर चालतं, दुसऱ्या कुणाला न्हाई. तोंडानं माणूस कितीबी खोटं बोलंल, दस्तीखाली बोललं की त्याचा बाजार उठला.”

बारावीनंतर सुकन्याला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी एका आठवड्यात त्यांची नऊ कोकरं पोट फुगून गेली होती. डॉक्टर चौथ्या दिवशी आले, मेलेल्या कोकराकडं बघून “आधी लस टोचायला पाहिजे होती” म्हणाले आणि चहा पिऊन गेले. परीक्षेत तिला मार्क चांगले पडले, उदगीरच्या कॉलेजात नंबर लागण्याइतके. पण तिथं राहायचं, खायचं, शिकायचं ते कशाच्या जोरावर? दुसऱ्या बाजूला जामखेडचा मामा आपल्या पोरासाठी, अजिनाथसाठी, तिच्या अठरा वर्षांची वाट बघत बसला होता. अठरा भरायला चार महिने बाकी होते. बायडाबाईनं घरचा निकाल लावून टाकला होता : “सोय झाली तर उदगीर, न्हाई तर दिवाळीनंतर जामखेड.”

अशात कॉलेजातल्या मॅडमनी एक फॉर्म आणला. कै. साखराबाई स्मृती कन्या शिष्यवृत्ती. जिल्ह्यातली एकच मुलगी निवडायची, तिचं पूर्ण शिक्षण आणि राहणं-खाणं संस्थेकडं. लेखी परीक्षा, मुलाखत आणि कलेचं सादरीकरण. साखराबाई म्हणजे अर्जुनरावांची आई. अर्जुनराव म्हणजे ज्यांचा फोटो जिल्ह्यातल्या प्रत्येक चौकात हात जोडून उभा असतो ते. निवडणूक जवळ आली की त्यांचे हात जास्तच जोडलेले दिसायचे.

फॉर्ममध्ये उंची, वजन आणि उभा फोटो मागितला होता. बायडाबाईनं तो फॉर्म तव्यावरच्या भाकरीसारखा दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला.

“उंची कावून पाह्यजे यास्नी? शिकायला का उंची लागती?”

“माय, फॉर्म हाय तो. सगळंच विचारत्यात.”

“उंची, वजन, उभा फोटू… आगं ही सोयरीक हाय! पोरी बघायची नवी तऱ्हा काढलीय कुणीतरी. पोह्याचा खर्चबी वाचला.”

म्हाळूनं तिसरीच शंका काढली. “वजन तर आमीबी इचारतो. पण ते खाटकाला द्यायचं आसंल तवा.”

तरी फॉर्म गेला. कलेच्या रकान्यात सगळ्यांनी नृत्य, गायन, वक्तृत्व लिहिलं होतं. सुकन्यानं लिहिलं : दस्तीचा सौदा. लेखी परीक्षेला तीनशे मुली बसल्या. बारा उरल्या, त्यात ती होती. वस्तीवर कुणी पेढे मागायला आलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, “बाराच का? बारावी कुणाची हाय?”

शेवटच्या दिवशी बाप-लेक पहाटेच्या एसटीनं बीडला गेले. सभागृहाच्या दारात एका बाईनं प्रत्येक मुलीच्या ओढणीला नंबराचा बिल्ला टोचला. सुकन्याला चार नंबर. म्हाळूनं त्या बिल्ल्याकडं बराच वेळ बघितलं. बाजारात मेंढरू विकलं गेलं की घेणारा त्याच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो, म्हणजे परत कुणी हात लावू नये.

“बाई,” म्हाळू म्हणाला, “ह्यो बिल्ला घ्यायच्या आधी लावत्यात का घेतल्यावर?”

बाईला काही कळलं नाही. तिनं त्याला मागच्या रांगेत बसायला सांगितलं.

दोन नंबरचा बिल्ला ज्या मुलीला होता, ती वनमाला. अर्जुनरावांच्या थोरल्या भावाची नात. गोड मुलगी, आणि तिथंच सुकन्याला पहिला खडा लागला. वनमालानं आपणहून डबा उघडला आणि चिवडा पुढं केला.

“घे की.”

“तू खा आधी,” सुकन्या म्हणाली.

वनमाला हसली आणि मूठभर खाल्ला. सुकन्यानं एक शेंगदाणा घेतला. तेवढ्यानं माणूस मरत नाही.

“तुझी कला कोणती गं?”

“कावून?”

“आगं सहज!”

“सहज कुणी काय इचारत न्हाई.”

“बाई गं, तू तर पोलिसात जा,” वनमाला म्हणाली. मग इकडंतिकडं बघून तिनं आवाज उतरवला. “मला ना, काही शिकायबिकायचं न्हाई. पुण्याचं स्थळ आलंय मला. इंजिनिअर. आमच्या तात्यांचं म्हणणं, बायोडाट्यात ‘जिल्ह्यातून पहिली’ असं टाकलं की वजन पडतं.”

तात्या म्हणजे अर्जुनराव. सुकन्याच्या तोंडातला शेंगदाणा तिथंच थांबला. ही पोरगी भोळी होती की पक्की? असं कुणी समोरच्याला सांगतं का? एक तर ही खरं बोलत होती, म्हणजे निकाल लागलेला होता. नाही तर ही खोटं बोलत होती, म्हणजे सुकन्याचं अवसान घालवायचं होतं. दोन्हीकडून जामखेडच जवळ दिसत होतं.

मुलाखतीला तीन परीक्षक होते. मधोमध अर्जुनराव, डावीकडं कुठल्याशा कॉलेजचे प्राचार्य आणि उजवीकडं विजयमालाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, चष्म्यावरून बघणाऱ्या. बाईंनी विचारलं, “निवड झाली नाही तर काय करशील?”

“ठरलंय का तसं?” सुकन्यानं विचारलं.

प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. अर्जुनराव हसले. बाईंनी मात्र चष्मा नाकावर सारला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते उलट्या बाजूनं वाचायचा सुकन्यानं प्रयत्न केला, पण बाईंनी मुख्याध्यापिकेच्या सवयीनं कागदावर हात आडवा धरला होता.

दुपारी कला सुरू झाल्या. एकीनं नाच केला, एकीनं पर्यावरण वाचवलं. वनमालानं भावगीत म्हटलं. म्हणजे गीत तिनं तोंड उघडायच्या आधीच सुरू झालं आणि तिनं तोंड मिटल्यावरही थोडं चाललं. टाळ्या मात्र सगळ्यात जास्त तिलाच पडल्या. पहिल्या दोन रांगा तिच्याच घरच्या होत्या.

मग चार नंबर.

सुकन्याचा बेत साधा होता. बापाला वर बोलवायचं, त्याच्या डाव्या हाताशी सौदा करून दाखवायचा, समजावून सांगायचं, खाली उतरायचं. पण माईकसमोर उभं राहिल्यावर तिची नजर अर्जुनरावांवर गेली, आणि तिला म्हाळूनं एकदा सांगितलेलं आठवलं. हे तात्या राजकारणात यायच्या आधी बैलांचे व्यापारी होते. वीस वर्षं त्यांचा हात दस्तीखाली होता.

“मला सौद्याला माणूस लागतोय,” ती माईकमध्ये म्हणाली. “तात्या, येता का?”

सभागृह हसलं. फोटोवाले पुढं सरकले. फोटोवाले पुढं सरकल्यावर अर्जुनराव मागं कसे राहतील? ते बाह्या सारत स्टेजवर आले. “बोल पोरी, काय विकायला आणलंस?”

“मेंढरू न्हाई तात्या. आज आकड्याचाच सौदा,” सुकन्या म्हणाली आणि तिनं बापाची दस्ती दोघांच्या हातांवर टाकली. मग माईक बाजूला सारून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं विचारलं, “कुणाचा नंबर लागणार हाय? दाबा.”

अर्जुनराव लोकांकडं बघून हसतच होते. हजारोंच्या सभेत, ध्वनिक्षेपकावर, तीन-तीन तास जे काही बोलायचं ते सफाईनं बोलणारा हा माणूस. पण हाताला भाषण येत नव्हतं. त्याला फक्त बाजार ठाऊक होता. प्रश्न कानातून डोक्यात पोचायच्या आधीच जुन्या सवयीनं बोटं मिटली.

दोन बोटं दाबली गेली.

दाबली, आणि अर्जुनरावांचं हसू होतं तिथंच वाळलं. फोटोत ते अजून हसरंच आलं असेल.

सुकन्याला वाटलं होतं, खरं कळलं की राग येईल. राग नाही आला. नजर तेवढी बापाला शोधायला लागली. मागच्या रांगेत म्हाळू उभा राहून बघत होता. बापाला हे सांगता येईल, मालक म्हणून. दुसऱ्या कुणाला नाही. समोर माईक होता, हातभर अंतरावर, आणि तोंड उघडलं असतं तर जिल्हाभर गाजलं असतं. पण मग दस्तीचा काय उपयोग?

बाजारात भाव पटला नाही की हात ओढून घेत नाहीत. आपला भाव दाबतात. तिनं अर्जुनरावांची चार बोटं धरली आणि दाबली. चांगली घट्ट.

मग दस्ती उचलली, घडी घातली आणि माईकमध्ये म्हणाली, “सौदा अजून जमला न्हाई. तात्या इचार करून सांगणार हायत.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्जुनराव खाली जाऊन खुर्चीत बसले. नंतरच्या आठ मुलींचं त्यांना काही दिसलं असेल असं वाटत नाही.

साडेपाचला विजयमालाबाईंनी निकाल वाचला. “शिष्यवृत्तीसाठी निवड : क्रमांक चार.”

पहिल्या दोन रांगांचे हात मांडीवरच राहिले. वनमाला तेवढी टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून. आणि सुकन्याला त्याचाही संशय आला. ती स्टेजवर गेली, पण बाईंनी पुढं केलेल्या पाकिटाला हात लावला नाही.

“बाई, मार्कं बघू द्या.”

“आता? अगं, निवड झालीय तुझी.”

“म्हणूनच. दात बघितल्याबिगर आमी मेंढरूबी घेत न्हाई.”

विजयमालाबाईंनी तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं आणि तक्ता पुढं सरकवला. दोन परीक्षकांच्या रकान्यात ती आणि वनमाला मागंपुढंच होत्या. अर्जुनरावांच्या रकान्यात कलेपुढं दहापैकी पाच लिहिलेलं होतं. ते खोडून आठ केलं होतं, शेजारी सही. त्या तीन मार्कांनी ती पुढं गेली होती. पाचच राहिले असते, तर पुण्याचा बायोडाटा पुढं गेला असता.

तिनं पाकीट घेतलं. पण ते हातात जड लागेना, हलकंही लागेना. ही शिष्यवृत्ती मिळवली होती, की बोटं पिरगाळून घेतली होती? तात्या भ्याले असतील, तर आठ हा आकडा तिचा नव्हता, त्यांच्या भीतीचा होता.

बाहेर अर्जुनरावांची गाडी सुरू होती. ते चढता चढता थांबले. कार्यकर्त्यांना हातानंच लांब उभं केलं.

“कुणाला सांगणार हायस का, पोरी?”

“न्हाई. दस्तीखालचं हाय ते.”

“मग त्यो आठाचा आकडा बघून तोंड कावून पाडलंस?”

“तुमी भिऊन दिला आसं वाटतंय.”

अर्जुनरावांनी स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हातावर टाकून हात पुढं केला.

“इचार.”

सुकन्यानं उपरण्याखाली हात घातला. “मी दहापैकी कितीची हाय? खरं दाबा.”

या वेळी ते हसत नव्हते आणि घाईतही नव्हते. त्यांनी तिची चार बोटं दाबली. सोडली. पुन्हा तीच चार दाबली.

“गिऱ्हाइकाचा हात आदी तपासून मग भाव सांगणारी पोरगी आमच्या बाजारात व्हती कुठं,” ते म्हणाले. गाडीत बसले, आणि काच वर जायच्या आत त्यांचे हात सवयीनं परत जोडले गेले.

परतीच्या एसटीत म्हाळूनं दस्ती मांडीवर घेऊन घडीवर घडी घातली. बीड मागं पडल्यावर त्यानं तोंड उघडलं.

“मालक म्हणून इचारतो. गाडीपाशी कितीला दाबलं?”

“आठ.”

“दस्तीखाली?”

“दस्तीखाली.”

“मग खरं हाय,” म्हाळू म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणा पुढाऱ्याच्या शब्दावर त्यानं मान हलवली. मग तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. उदगीरला कोणत्या गाडीनं जायचं, होस्टेलच्या दाराला आतून कडी हाय का न्हाई, ते सगळं तो मनातल्या मनात तपासत असावा. मग एकदम तिच्याकडं वळला.

“सुकन्या… दोन कुटं कापले मग त्यानं?”