खंडेनवमीला घासलेली नळी

आश्लेषा सप्रेला अर्धा कप चहा मिळू लागला, त्याला या दसऱ्याला सहा वर्षं झाली.

तिचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. रोज सकाळी नेपरव्हिलहून गाडी पकडायची, शिकागोतल्या एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायच्या आणि संध्याकाळी परत यायचं, असा तिचा बावीस वर्षांचा क्रम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिवाला काही धोका नाही, हा मोठा आजार नाही, हात फक्त थरथरेल. थांबणार मात्र नाही. आश्लेषाने ते ऐकून घेतलं आणि कामाला लागली. लोकांना काही ते जमेना. मंडळाच्या गणपतीत रांगोळीचं बोलावणं बंद झालं. आरतीचं तबक तिच्यापुढून अलगद पुढे सरकायला लागलं. आणि सांडू नये म्हणून चहा अर्धा. तिचा नवरा गुरुनाथसुद्धा मगात निम्माच ओतायचा आणि तेही प्रेमाने. प्रेमाने केलेल्या गोष्टीवर भांडायला तोंड राहत नाही, हीच त्यातली खरी पंचाईत.

तिच्या ऑफिसने एकदा सगळ्यांना गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबवर सहलीला नेलं. मॅनेजरने अतिशय गोड आवाजात तिला गुण लिहायला बसवलं. ज्याचा हात थरथरतो त्याला लिहायला बसवावं, हा कुठला न्याय कोण जाणे. ती बसली. बसल्या बसल्या तिला कोपऱ्यातल्या बाकावरचा एक म्हातारा दिसला. त्याची रायफल पुढे लोखंडी तिवईवर टेकलेली होती आणि मागे वाळूच्या पिशवीवर. म्हाताऱ्याने ती धरलेलीच नव्हती. खांदा दूर, गाल दूर, फक्त एक बोट चापापाशी.

म्हाताऱ्याचं नाव लॉइड. उभा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. आश्लेषाने त्याला सरळ विचारलं, की तुम्ही बंदूक धरत का नाही? तो म्हणाला, "धरली की बिघडते. या खेळात हाताने करायचं सगळ्यात मोठं काम म्हणजे लांब राहणं."

आश्लेषाने पेन्सिल खाली ठेवली. पुढच्या आठवड्यात ती एकटी तिथे गेली.

इलिनॉयमध्ये बंदूक घ्यायची तर आधी राज्याचं कार्ड लागतं. ते पोस्टाने आलं त्या दिवशी गुरुनाथला बातमी कळली. गुरुनाथ डोंबिवलीचा, स्वभावाने वरणभात. तो कार्ड उलटसुलट करून बघत म्हणाला, "आशू, आम्ही उंदीर पकडला तरी पिंजरा मैदानावर नेऊन उघडायचो, यार. आणि तू बंदूक आणणार?" तिने सांगितलं की कागदाला भोकं पाडायची आहेत, दुसऱ्या कशासाठी नाही. रायफल तळघरातल्या कुलूपबंद कपाटात राहील आणि किल्ली तिच्याजवळ. बेलव्ह्यूला राहणाऱ्या लेकीने, इशिताने, फोनवर तीन दिवस अबोला धरला. मंडळात कुणीतरी तिला झाशीची राणी म्हणून घेतलं. आश्लेषा म्हणाली, राणीला निदान कुणी अर्धा कप दिला नसेल.

खेळ सांगायला सोपा आहे. पन्नास यार्डांवर एक कागद लावतात. त्यावर पंचवीस छोटी वर्तुळं. प्रत्येकात एकच गोळी, मधोमध लागली तर दहा गुण, म्हणजे एकूण अडीचशे. वेळ तीस मिनिटं. कागदाच्या कडेला चाचणीची वर्तुळं असतात, तिथे हव्या तेवढ्या गोळ्या झाडाव्यात, त्या मोजत नाहीत. बाक आणि कागद यांच्यामध्ये वाऱ्याची निशाणं फिरत असतात. त्यांच्याकडे बघत बघत, वारा कधी खोटं बोलतोय ते ओळखून चापाला बोट लावायचं. बस्स. एवढ्या सोप्या गोष्टीपायी माणसं म्हातारी झालेली आहेत.

तिच्या पहिल्या कागदावर १८७ गुण होते. लॉइडने बघितलं आणि म्हणाला, बरं आहे, सगळ्या गोळ्या कागदावर आहेत.

पण बाई चुका हुडकण्यात मुरलेली. एकाच कंपनीची काडतुसं, पण खोक्यावरचा क्रमांक बदलला की एकाच रायफलमधून वेगळी उडतात, हे कळल्यावर तिने अकरा क्रमांकांची काडतुसं आणली, प्रत्येकाच्या पन्नास गोळ्या झाडल्या आणि वहीत तक्ते भरले. गुरुनाथला यात नवल वाटलं नाही. तांदळाची गोण घेण्याआधी दोन प्रकारचा वाटी वाटी भात शिजवून बघणारी ती. आठव्या क्रमांकाची काडतुसं तिच्या रायफलला मानवली. पहिल्या वर्षाअखेर २२१. दुसऱ्या वर्षी २४०. तिसऱ्या वर्षी मंगळवारी आणि शनिवारी ती घरी नसणार, हे गुरुनाथने स्वीकारलं आणि कुकर लावायला शिकला. चौथ्या वर्षी, जुलैच्या उकाड्यात, २४७.

अडचण नेम धरण्याची नव्हतीच. मनगट बाकावर टेकलेलं असलं की थरथर मनगटातच जिरायची. अडचण काडतुसाची होती. शेंगदाण्याएवढं ते मेणचट काडतूस नळीत घालताना निसटायचं आणि टणकन जमिनीवर पडायचं. लॉइडने त्यासाठी लाकडाची एक छोटी पन्हळ करून दिली. तीत काडतूस ठेवलं की ते घरंगळत जागेवर जायचं. तोपर्यंत शेजारच्या बाकावरच्या डगने मात्र बघायचं ते बघून ठेवलं होतं. आश्लेषाचे गुण त्याच्या पुढे गेले ते जुलैत, आणि ऑगस्टमध्ये क्लबच्या समितीकडे त्याचा अर्ज गेला: नऊ नंबरच्या बाकावरच्या बाईंचा हात थरथरतो, इतरांच्या सुरक्षेचं काय? इतकी वर्षं थरथरणारा हात त्याला नेमका २४७ नंतर दिसला.

समिती तिघांची. त्यांनी तिला एक फॉर्म पाठवला. वैद्यकीय कारण आहे असं लिहून सही करायची. मग काडतूस भरायला मदतनीस मिळेल, बाक कायम राहील, फक्त तिचे गुण स्पर्धेत धरले जाणार नाहीत. सही करायची नसेल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या स्पर्धेत लॉइड तिच्या शेजारी बसून नोंदी करील. त्या बघून समिती त्याच दिवशी मत देईल. हाताने खेळात गडबड होते असं दिसलं तर बाक जाईल.

गुरुनाथ म्हणाला, सही कर, खेळायला तर मिळेल. इशिता फोनवर म्हणाली, "आई, जस्ट साइन इट. इट्स नॉट अ बिग डील."

"मला अर्ध्या कपाचा कंटाळा आलाय," आश्लेषा म्हणाली. लेकीला ते कळलं नाही. गुरुनाथला कळलं.

स्पर्धा शनिवारी होती, आणि त्या शनिवारी दसरा. म्हणजे आदल्या दिवशी खंडेनवमी.

नागपुरात आश्लेषाच्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. खंडेनवमीला ते प्रत्येक पाना रॉकेलने घासायचे. मळकं हत्यार पाटावर ठेवायचं नाही, आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे दोन नियम. इतकी वर्षं आश्लेषा लॅपटॉप पुसून पाटावर ठेवायची, शेजारी विळी आणि गुरुनाथचं ड्रिल. या वर्षी जीव टांगणीला लागलेला होता. काही कमी पडायला नको म्हणून तिने रायफलची नळी ब्रश, तेल, फडकं घेऊन दोन तास घासली. आतून फिरवलेलं फडकं पांढरंशुभ्र बाहेर आलं तेव्हाच थांबली. नळीला डोळा लावून बघितलं तर आरसा. मग दस्त्यावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. हात जोडले आणि जरा बरं वाटलं.

शनिवारी मक्याची शेतं कापून झालेली, वारा बेताचा. लॉइड तिच्या डाव्या हाताला वही घेऊन बसला. नियमाने त्याने बोलायचं नव्हतं. डग आठ नंबरला. आश्लेषाने नेहमीप्रमाणे चाचणीच्या दहा गोळ्या झाडल्या, शेवटच्या दोन बऱ्या वाटल्या आणि ती मोजायच्या वर्तुळांकडे वळली.

नऊ. नऊ. आठ. निशाणं स्तब्ध असताना आठ. ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा झाडली. सात.

तिने उजव्या हाताकडे बघितलं. तो थरथरत होता, रोज थरथरतो तसा. पण त्या दिवशी चार वर्षांत पहिल्यांदा तिला वाटून गेलं, की लोक म्हणतात तेच खरं असेल. सगळे खरे आणि आपणच एकट्या हट्टी. तरी तिने कागद पूर्ण केला. २३१.

दोन कागदांच्या मधल्या वेळेत डग तिच्यापाशी आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, की यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तो चिडवून बोलला असता तर आश्लेषा कदाचित खचलीही असती. त्याने कीव केली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोकं एकदम स्वच्छ झालं.

अठ्ठावीस वर्षं ती एकच प्रश्न विचारत आली होती. काल चालत होतं, आज चालत नाही. तर मधे काय बदललं? हात तोच. काडतुसांचा क्रमांक तोच. वारा मंगळवारपेक्षा कमी. पन्हळीतून एकही काडतूस पडलेलं नाही. तिने रायफलवरून नजर फिरवली आणि दस्त्यावरच्या कुंकवाच्या बोटापाशी ती अडकली.

नळी. या जातीच्या रायफलची नळी कुणी घासत नाही. गोळीवरचं मेण आतल्या पोलादावर बसत बसत जातं, आणि तो थरच गोळीला वाट दाखवतो. लॉइड ती वरवर पुसतो आणि मग दहा गोळ्या झाडतो. वरवर पुसल्यावर दहा. दोन तास घासल्यावर किती, हे तिच्या वहीत नव्हतं, कारण असला वेडेपणा तिने आजवर केला नव्हता.

तिने लॉइडला सांगितलं, मी काल नळी ब्रशने घासली. लॉइडने बोलायचं नाही हा नियम मोडला. "का?" त्याने विचारलं, एखाद्याने सोन्यासारखं यंत्र विहिरीत टाकलं असावं तसा चेहरा करून.

"तिचा सण होता," आश्लेषा म्हणाली.

दुसऱ्या कागदाची वेळ सुरू झाली. सगळे मोजायच्या गोळ्या झाडू लागले, आणि आश्लेषा कडेच्या चाचणीच्या वर्तुळांवर झाडत बसली. दहा. वीस. तीस. डगने मान वळवून दोनदा बघितलं. पन्नासाव्या गोळीच्या आसपास भोकं एकमेकांत जायला लागली. आणखी पाच तिने खात्रीसाठी झाडल्या, चुका हुडकणाऱ्यांना खात्रीशिवाय झोप येत नाही म्हणून. तोवर बारा मिनिटं गेली होती, मग उरलेल्या अठरा मिनिटांत पंचवीस. पन्हळीत काडतूस, वाऱ्याच्या निशाणाकडे नजर, मनगट टेकलेलं, बोट. एकविसाव्या गोळीला वाऱ्याने फसवलं आणि नऊ आले. बाकी सगळे दहा. २४९. असा कागद तिने कधीच मारला नव्हता, आणि त्या दिवशी त्या फेरीत दुसऱ्या कुणीही मारला नाही. डगचे २४६ होते.

समितीच्या अध्यक्षबाई फॉर्म घेऊनच आल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, अजूनही सही कर. पहिला कागद वैद्यकीय कारणाने रद्द करू, दुसरा तुझ्या नावावर ठेवू, बाक पक्कं. सही न केलीस तर दोन्ही कागद जसे आहेत तसे आम्हाला बघावे लागतील, आणि पहिला कागद बघून काय मत पडेल ते मी सांगू शकत नाही.

"तो २३१ माझा आहे," आश्लेषा म्हणाली. "मूर्खपणाही माझाच आहे. तो हाताच्या नावावर लिहायचा नाही."

फॉर्म तिने कोराच परत दिला. देताना कागद थरथरून फडफडला, तो तिने लपवला नाही.

तिघं शेडमध्ये गेली आणि वीस मिनिटं बाहेर आली नाहीत. आत लॉइडची वही वाचली गेली. त्यात तीनच ओळी होत्या. हात दिवसभर थरथरला. नळीचं तोंड एकदाही हललं नाही. पहिला कागद बिघडला कारण नळी फार स्वच्छ होती. मत पडलं दोन विरुद्ध एक, आणि नऊ नंबरचं बाक आश्लेषाकडे राहिलं. एकूण गुणांत ती खालून तिसरी आली.

डग हात पुढे करून म्हणाला, मनात काही ठेवू नकोस. "थोडं ठेवणार आहे," ती म्हणाली, पण हात मिळवला, उजवाच. इथे आपट्याचं झाड नाही, म्हणून मंडळात रेडबड नावाच्या झाडाची पानं सोनं म्हणून वाटतात. सकाळी तिने पिशवीत चार टाकली होती. एक लॉइडला दिलं, एक अध्यक्षबाईंना. डगला दिलं नाही. दसरा असला म्हणून काय झालं.

घरी गुरुनाथ दारातच उभा होता. तिचा चेहरा बघून त्याने आत जाऊन चहा टाकला. आश्लेषाने वरच्या फडताळातून लग्नातल्या सेटची कपबशी काढली, धुतली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने सवयीने अर्धा कप ओतला आणि किटली बाजूला ठेवली.

"भर," ती म्हणाली.

"सांडेल गं."

"सांडू दे."

गुरुनाथने काठोकाठ भरला. तिने उजव्या हाताने कप उचलला, आणि चहा हिंदकळून बशीत सांडला, चांगला दोन घोट. आश्लेषाने कप खाली ठेवला, बशी उचलली, आधी तो भुरका मारून प्यायली आणि मग कपातला.