नकाशातला आमचा मळा

पाण्याचा नकाशा करणारा तो माणूस आधी हातातल्या टॅबकडे बघतो, मग जमिनीकडे, शेवटी माणसाकडे. पण मळ्यात शिरताना चपला बांधावर काढतो.

उपग्रहाच्या फोटोत आणि त्यावरून याने भरलेल्या नकाशात ज्याचं पीक हिरवं दिसेल त्यालाच बंधाऱ्याच्या पाण्याची पाळी. आमची ही वारली, तेव्हापासून मी मळ्यात काही लावलेलं नाही.

"हिरवा रंग भर की. तुझ्या बापाचं काय जातंय?" मी म्हटलं.

"कसं आहे आजोबा, खोटं नाही भरणार. पण पडीक पण लिहीत नाही. पुढच्या फेरीपर्यंत कोरं ठेवतो."

मी शिव्या घातल्या. तो हसत चपला घालून गेला.

संध्याकाळी, हिने बियाण्यासाठी राखेत ठेवलेले वाल मी काढून भिजत घातले.