आत्याबाईंच्या तोंडाशी लोहाराचा भाता

आजकालचे डॉक्टर ज्याला न्यूमोनिया म्हणतात, त्याला आमच्या वेळचे वैद्यबुवा 'छातीत कफ भरला' एवढंच म्हणायचे आणि काढा सांगून घोडीवर बसायचे. माझ्या सासूला, म्हणजे आत्याबाईंना, तो झाला तेव्हा मी कोवळी सून होते आणि दर्यापुरापासून अकोल्यापर्यंत माझ्याइतकी शहाणी बाई नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

साल कापसाचं होतं. विलायतेला दुसरीकडचा कापूस मिळेना, म्हणून आमच्या कापसाला सोन्याची कळा आली होती. माणसं ओसरीत निजायची आणि कापूस माजघरात. माझ्या पदराला चिकटलेला पुंजका मामंजी उचलून परत ढिगावर टाकत. आत्याबाईंची बाज त्याच ढिगाला लागून होती. आजाऱ्याला वारा लागू नये म्हणून दार बंद, खिडकी बंद, वर गोधड्या. त्यांच्या नाकपुड्या फुलत होत्या, ओठ जांभळे पडले होते. वैद्यबुवा मामंजींना म्हणाले, "आजचा दिवस निघाला तर पाहू."

मी विचार केला. माझं तिथंच चुकायचं. भट्टी विझत आली की लोहार भाता मारतो आणि निखारे फुलतात. मग आत्याबाईंनाच का नाही?

मी लोहाराकडे भाता मागायला गेले. त्यानं विचारलं, "भाता काहून पाह्यजे वं?"

"चूल पेटत नाही."

मामंजी ओसरीवर डोळे मिटून बसले होते. मी पदर खोचला, भात्याचं तोंड आत्याबाईंच्या तोंडाशी धरलं आणि सगळा जोर लावून दाबला. भात्यात भट्टीची राख साचलेली असते, हे शहाण्या बाईला कुठं ठाऊक! राख उडाली, कापूस उडाला. आत्याबाईंना असा ठसका लागला की त्या ताडकन उठून बसल्या. कफाचा मोठा गोळा बाहेर पडला. काळ्या तोंडातून पहिले शब्द आले, "अवं भवाने, जित्तेपणीच मले राख लावून राह्यली का वं?"

घाबरून मी त्यांना आडवं केलं. लगेच श्वास अडकला. उठवलं, तर सुटला. पुन्हा आडवं करू लागले तर त्यांनी माझा हात धरला. "निजवू नको वं. बसूनच बरं वाटते."

मग मी त्यांना ढिगाला टेकवून बसवलं. कापूस पाठीमागं दबला, मान सावरली. धुरळा जावा म्हणून दार उघडलं.

दुपारी माजघरातला कापूस न्यायला गाड्या आल्या. मामंजी गडी घेऊन दारात आले आणि थबकले. पुंजकाही वाया जाऊ न देणारा हा माणूस बायकोच्या पाठीमागच्या ढिगाकडे बघत राहिला.

"थो ढीग राहू द्या," ते गड्यांना म्हणाले. "बाकीचा भरा."

दिवस निघाला. पुढचेही निघाले. आत्याबाई ढिगाला टेकूनच निजायच्या. कापूस दबून पिवळा पडला, त्याला काढ्याचा वास लागला, आणि मी विहिरीवर सांगत सुटले की सासूला भात्यानं वाचवलं.

एक दिवस लोहार भाता मागायला आला. "पेटली का वं चूल?"

मी खाली मान घातली. आतून, ढिगावरून आवाज आला, "पेटली बाबा. पण थो भाता घेऊन जाय, नाहीतर अजून पेटवते थे भवानी."