रुवैसच्या मजलिशीत ऐकायला बसलो तेव्हा

आणि मी पुन्हा म्हणतो, पगार नाही तर ते काम कसलं! धाकटा भाऊ युसूफ रत्नागिरीच्या कॉलेजात शिकतो. त्याला शिकाऊ म्हणून दिल्लीला बोलावलंय. दोन महिने संसदेत बसायचं, सभासद बोलतात ते ऐकून टिपून घ्यायचं, खर्च सगळा आपला. तीन पत्रं या भांडणात गेली. मी शेवटी लिहिलं, ‘बसून नुसतं ऐकायला काय अक्कल लागते?’ त्याचं उत्तर आलं, ‘भाई, महिनाअखेर होकार कळवायचाय.’ पैसे होते माझ्याकडे, पण ते ईदला घरी यायच्या बोटीचे.

ते पत्र खिशात घालून मी रुवैस गावाला सिमेंट नेणाऱ्या ट्रकवर चढलो. तुमच्यापैकी कुणी इकडे आलंच तर सांगून ठेवतो, मी काम करतो त्या दोहाहून उत्तरेला रस्ता म्हणजे वाळूतल्या नुसत्या चाकोऱ्या. पहाटे निघालं की दुपारी पोचतं. सिमेंटच्या गोणींवर बसलं तर भाडं नाही, मात्र तोंडाला फडकं बांधा, पाणी आपलं न्या. खबूस म्हणजे इथली रोटी, ती आणि खजूर, आठ आण्यांत पोट भरतं.

ड्रायव्हर दाऊदचाचा दाभोळचे. न्याहारीला थांबलो तेव्हा त्यांना सगळं भांडण वाचून दाखवलं. ते नुसते हसले.

ऊन चढलं तशी जमीन पातळ होत गेली. लांबचे उंट पाण्यात उभे दिसायला लागले. ट्रक चालतोय की तरंगतोय, कळेना. मग खरंच समुद्र आला, आपल्या खाडीसारखा हिरवा, आणि त्यावर होड्या, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारख्या.

गोणी उतरवल्यावर गावच्या म्हाताऱ्या प्रमुखानं मजलिशीत कॉफीला बोलावलं. मजलिस म्हणजे त्याची बैठकीची खोली, गावची गाऱ्हाणीही तिथंच. दोन कोळी भांडत होते, मासे अडवायचे खुंट कुणी कुठे रोवायचे म्हणून. म्हाताऱ्याची रीत अशी, की निकालाआधी परक्या माणसानं दोघांचं म्हणणं जसंच्या तसं सांगायचं. दोघंही ‘बरोबर’ म्हणाले, तरच तो तोंड उघडणार. परका मी. कामापुरती अरबी येते मला.

पहिल्याचं सांगितलं. तो म्हणाला, “बरोबर.”

दुसऱ्याचं? समोर दार उघडं होतं, दारात समुद्र, आणि मी मनानं केव्हाच आपल्या गावच्या धक्क्यावर उतरलो होतो. अम्मी कंदील घेऊन आली होती. खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते.

“ऐकलं नाही मी,” म्हणालो.

त्या कोळ्याचा चेहरा उतरला. पण त्यानं पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. याचे खुंट पुढे आले, भरतीचा मासा माझ्यापर्यंत येतच नाही, घरी खाणारी सात तोंडं. या वेळी मी त्याच्या ओठांवरनं नजर हलवली नाही. सांगून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “बरोबर.” पहिल्यानं खुंट चाळीस पावलं मागं घ्यायचे ठरले.

ट्रक सुरू करताना चाचा म्हणाले, “काय रे शहाण्या, बसून ऐकायला अक्कल नाही ना लागत? यल्ला, चढ!”

खोलीवर परतलो. डोळे मिटले की ते तरंगते उंट येतात, पण त्यांच्या आधी तो कोळी येतो, पुन्हा पहिल्यापासून सांगणारा.

युसूफ, जा दिल्लीला. तिथं दाराकडे तोंड करून बसू नकोस. ईदला मी येत नाही, अम्मीला तूच समजाव. बँकेतून पाठवतोय, तीनशे दहा रुपये.